देवगिरीचे उंदीर, कुन्नूरचे उंदीर

दौलताबादचा किल्ला चढून आलेला माणूस अंधारी, खंदक आणि मेंढा तोफ यांच्या गोष्टी सांगत खाली येतो. इब्न बतूताच्या लक्षात मात्र तिथले उंदीर राहिले. मोरोक्कोचा हा प्रवासी दिल्लीच्या सुलतानाचा वकील म्हणून चीनला निघाला होता. १३४२ साली दिल्ली सोडून तो वाटेत देवगिरीला, म्हणजे तेव्हाच्या नव्या नावाच्या दौलताबादला थांबला. किल्ल्यातल्या तळकोठड्यांत मांजरापेक्षा मोठे उंदीर आहेत आणि मांजरंच त्यांना भिऊन पळतात, असं त्याने लिहून ठेवलंय. खत्ताब नावाच्या एका अफगाण सरदाराने त्याला आपबीती सांगितली. कैदेत असताना रात्र झाली की उंदीर झुंडीने अंगावर येत आणि हा झुंजून त्यांना हाकलत राही. शेजारच्या कोठडीतला कैदी आजारी पडला, त्याच्यात हात उचलायचंही बळ उरलं नाही. उंदरांनी त्याची बोटं आणि डोळे खाल्ले, तो त्यातच गेला.

बतूता तिखटमीठ लावण्यात कमी नव्हता, तेव्हा उंदरांच्या आकारातून थोडं वजा करायला हरकत नाही. पण हे उंदीर ध्यानात ठेवावेत. या लेखात उंदीर आणखी एकदा येणार आहेत, आणि तेव्हाही प्रश्न कोण कुणाला खातं हाच असेल.

दौलताबादेहून तो नंदुरबारला गेला. तिथल्या मराठ्यांबद्दल त्याने चार ओळी लिहिल्या, आणि लाल मांस या आपल्या विषयासाठी त्या सोन्याच्या आहेत. हे लोक कलाकुसरीत, वैद्यकीत आणि ज्योतिषात तरबेज. त्यांच्यातल्या प्रतिष्ठितांचं जेवण म्हणजे भात, भाजीपाला आणि तिळाचं तेल. जनावराला इजा करणं त्यांना रुचत नाही, आणि जेवणाआधी ते अंग स्वच्छ धुतात. लाल मांस खावं की नाही, या प्रश्नावरची मराठी मुलखातली ही एक जुनी नोंद. तिच्यात तब्येतीचा शब्दही नाही. आहे ती दया, सोवळं आणि जात. पुढची सहाशे वर्षं या भागात मांसाचा वाद याच तीन खांबांभोवती फिरत राहिला. ते शरीराला दीर्घकाळात काय करतं, हा प्रश्न फार उशिरा आला.

बतूता ज्या दौलताबादेत उतरला ती तेव्हा नुकतीच वसलेली होती. मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ साली राजधानी दिल्लीहून इथे हलवायचा घाट घातला. दरबारी, सूफी, कारागीर आणि सैनिक दख्खनेत आले. राजधानी परत गेली, पण आलेली माणसं सगळी गेली नाहीत. आजच्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे दौलताबादेशेजारच्या पूर्वीच्या औरंगाबादेत, नान-खलियाचा विषय निघाला की सांगणारा हमखास तुघलकापासून सुरुवात करतो. एवढ्या मोठ्या लष्कराला एकदम जेवू घालायचं, तर मोठाल्या डेगांमध्ये रात्रभर मंद आचेवर शिजणारं मांस आणि तंदुरातून भराभर निघणारे नान याशिवाय उपाय काय, असा त्यामागचा हिशेब. हिशेब पटतो. कागदोपत्री पुरावा मागू नये.

एक गोष्ट मात्र सांगता येते. आज खलियावर जी लालभडक तरी तरंगते, ती तुघलकाच्या शिपायाने पाहिलेली नसणार. मिरची अमेरिकेतली, पोर्तुगीजांबरोबर ती हिंदुस्थानात आली तीच मुळी १४९८ नंतर. चौदाव्या शतकातला खलिया असलाच तर मिऱ्याचा, आल्याचा, हळदीचा. ‘कलिया’ हा शब्द अरबी-फारसीतून आलेला, मुळात परतलेलं, तळलेलं मांस. अकबराच्या मुदपाकखान्याची जंत्री देताना अबुल फजलने ऐन-इ-अकबरीत तो नोंदवलाय. म्हणजे नाव जुनं, पदार्थ बदलत आलेला, आणि शहर स्वतः त्यात आणखी फेरफार करत गेलं. नानाला हळद-गुळाच्या पाण्याचा हात फिरवून पिवळी झळाळी आणायची रीत इथलीच.

मुघल काळाचा इथे एकच दाखला देतो, आणि तोही थोडा खोडकरपणाने. दख्खनेत निम्मं आयुष्य घालवलेला औरंगजेब १७०७ मध्ये वारला तेव्हा अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होता. त्याच्या पत्रसंग्रहातल्या एका पत्रात तो मुलाकडच्या हिवाळ्यातल्या खिचडी-बिर्याणीची चव आठवतो आणि तिथला बिर्याणी करणारा आचारी आपल्याला मिळाला नाही याची खंत करतो. मांसाहारी माणूस नव्वदीला टेकला, म्हणून मांस निर्धोक. असा युक्तिवाद कुणी केला तर आपण हसू. पण ‘आमचे आजोबा रोज मटण खायचे आणि पंच्याण्णव वर्षं जगले’ हे वाक्य आपण गंभीर चेहऱ्याने ऐकतो आणि ऐकवतोही.

बतूताने नंदुरबारच्या प्रतिष्ठितांचं ताट पाहिलं, लष्कराचं ताट त्याच्या रोजच्या पाहण्यातलं. तिसरं ताट त्याला कुणी दाखवलं नसणार. मराठवाड्यातल्या गावकुसाबाहेर मेलेलं जनावर ओढून नेणं हे काही जातींवर लादलेलं काम होतं, आणि त्या जनावराचं मांस हा त्या कामाचा मोबदला. बैल म्हातारा होऊन मेला की रोगाने, हे विचारायची सोय नव्हती. एकाच दिवशी सगळं खाऊन संपत नसे, म्हणून मांसाच्या लांब पट्ट्या कापून उन्हात वाळवायच्या. या चान्या मडक्यात भरून ठेवायच्या आणि पुढच्या तंगीच्या दिवसांत भाजून किंवा कालवणात टाकून खायच्या. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ साली आलेल्या पुस्तकाने मराठवाड्यातल्या महार-मांगांचं हे स्वयंपाकघर पहिल्यांदा सविस्तर कागदावर आणलं. नावातच त्यांनी जुन्या वचनाला एक अक्षर लावून सगळा हिशेब मांडलाय.

इथे आरोग्याचा प्रश्न होता, आणि तो वीस वर्षांनी होणाऱ्या आजाराचा नव्हता. फाशी रोगाने मेलेलं जनावर हाताळलं की हातावर काळपुळी उठायची, खाल्लं तर जिवावर बेतायचं. तरीही महाडला १९ मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा असं सांगितलं, तेव्हा त्यांनी बोट ठेवलं ते स्वाभिमानावर. पुढे १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये त्यांनी अस्पृश्यतेचं मूळच गोमांसभक्षणाशी जोडून दाखवलं. १९५० साली त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढलं, त्याला मिलिंद हे नाव मिळालं. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतली पोरं त्याच्या आवारात, नागसेनवनात, शिकायला येऊ लागली. त्यांच्यातल्या कित्येकांच्या आईवडिलांनी महाडच्या हाकेनंतर पडकं मांस सोडलेलं होतं. म्हणजे या शहरात एका गल्लीत खलियाची डेग पिढ्यान्‌पिढ्या चढत होती, आणि तिच्यापासून हाकेच्या अंतरावर मांस सोडणं हीच माणूसपणाची खूण मानणारी पिढी वह्या-पुस्तकं घेऊन बसली होती. दोघांनाही कोलेस्टेरॉल हा शब्द माहीत नव्हता.

महाडचा सत्याग्रह चालला त्याच काळात, तिथून कितीतरी दूर, निलगिरीच्या डोंगरात एक आयरिश डॉक्टर उंदरांना मराठी जेवण वाढत होता.

रॉबर्ट मॅकॅरिसन १९०१ साली इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये आला. गिलगिटला असताना हुंझा खोऱ्यातल्या लोकांची ठणठणीत प्रकृती पाहून त्याच्या डोक्यात एक किडा शिरला: ही हवेची करामत की ताटाची? कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्याला जागा मिळाली आणि १९२० च्या दशकात त्याने तो किडा प्रयोगात उतरवला. एकाच वयाची, एकाच वजनाची पांढऱ्या उंदरांची पिल्लं घेतली, त्यांचे गट पाडले. पिंजरे सारखे, ऊन-वारा सारखा, साफसफाई सारखी. फरक फक्त जेवणाचा. एका गटाला शिखांचं जेवण, दुसऱ्याला पठाणांचं, मग मराठ्यांचं, गुरख्यांचं, कानडी लोकांचं, बंगाल्यांचं आणि मद्रासी माणसाचं. ते ते लोक जसं शिजवतात तसंच शिजवून.

एकशे चाळीस दिवसांनी उंदीर तोलले. वाढ आणि प्रकृती यांत शीख गट पहिला, पठाण दुसरा, मराठे तिसरे आणि पहिल्याच्या फार मागे नाहीत. शेवटी मद्रासी, सडीक, घासलेल्या तांदळावर वाढलेले, हडकुळे. या क्रमवारीवरून कुणी छाती फुगवू नये. ‘लढाऊ जमाती’ नावाचं एक खूळ त्या वेळच्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं, आणि पलटणीत कुणाला घ्यायचं याच्या यादीशी मॅकॅरिसनची क्रमवारी जरा जास्तच जुळते. शिवाय मद्रासी म्हणजे एकच एक जेवण, ही समजूत तंजावरच्या कुठल्याही आचाऱ्याने हाणून पाडली असती. पण तराजूला हे माहीत नव्हतं. उंदरांची वजनं खरी होती.

आपल्या विषयाचं मर्म मात्र या क्रमवारीत नाही, मॅकॅरिसनने पुढे मांडलेल्या जोडीत आहे. पैदाशीसाठी पाळलेल्या उंदरांना तो शिखांच्या धर्तीवरचं खाणं देई: कोंड्यासकट गव्हाच्या पोळ्या लोणी लावून, मोड आलेले हरभरे, कच्चं गाजर आणि कोबी, दूध, आणि आठवड्यातून एकदा हाडासकट थोडंसं मांस. सव्वादोन वर्षांत अशा ११८९ उंदरांची त्याने चिरफाड करून तपासणी केली. आजाराने मेलेला एकही प्रौढ उंदीर त्याला सापडला नाही. दुसऱ्या गटाला त्याने इंग्लंडातल्या गरीब कामगाराचं ताट दिलं: पांढरा पाव, मार्गारीन, डब्यातलं मांस, सोडा घालून उकडलेल्या भाज्या, डब्यातला जॅम आणि साखरेचा चहा. हे उंदीर खुरटले. फुप्फुसं आणि आतडी बिघडली. ते चिडखोर झाले, पिंजरा साफ करणाऱ्याला चावू लागले, आणि पुढे आपल्यातल्या दुबळ्यांना मारून खाऊ लागले.

खत्ताबच्या शेजाऱ्याची गत झाली तीच, फक्त इथे उंदरानेच उंदराला खाल्लं.

यातली गंमत दोन्ही ताटांत मांस असण्यात आहे. निरोगी ताटात ते ताजं, थोडं आणि आठवड्यातून एकदा होतं, सोबत कोंडा, दूध आणि पालेभाजी. रोगट ताटात ते डबाबंद होतं आणि सोबत मैदा-साखर. मॅकॅरिसनने हे सगळं १९३६ साली लंडनमध्ये व्याख्यानांतून मांडलं. त्याला कर्करोगाबद्दल काही म्हणायचं नव्हतं, उंदीर एकशे चाळीस दिवसांत म्हाताराही होत नाही. पण मांसाला एकटं काढून त्याच्यावर खटला चालवता येत नाही, ते ज्या ताटात बसलंय त्या ताटासकट त्याला उभं करावं लागतं, ही गोष्ट त्याच्या पिंजऱ्यांत दिसली होती. पुढच्या नव्वद वर्षांत जगभरच्या शास्त्रज्ञांनी लाखो माणसांच्या नोंदी ठेवून जे भांडण घातलं, त्याचा अर्धा निकाल कुन्नूरच्या पिंजऱ्यांत लागलेला आहे, असं मला वाटतं.

ती प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादला हलली आणि पुढे राष्ट्रीय पोषण संस्था झाली. त्याच्या दहा वर्षं आधीपर्यंत, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत, औरंगाबादही त्याच हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होतं. निजामाच्या मुदपाकखान्याचं शहर आणि भारताचं आहारशास्त्र एका गावात नांदावं, हा योगायोग मला आवडतो.

मधल्या काळात मुंबईत एक रेल्वेचा डॉक्टर येऊन गेला, त्याची दखल घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एस. एल. मल्होत्रा हे पश्चिम रेल्वेचे मुख्य वैद्यकीय अधिकारी. देशभरच्या रेल्वे कामगारांच्या मृत्यूंच्या नोंदी त्यांच्या हाताशी होत्या. दहा लाखांहून जास्त माणसांची ही लोकसंख्या, एकाच खात्यातली. १९६७ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये त्यांनी दाखवलं की हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण दक्षिणेत उत्तरेपेक्षा जवळजवळ सातपट आहे. आणि स्निग्ध पदार्थ खाण्यात उत्तरेकडचे कितीतरी पुढे, दूध-तूप-ताक भरपूर. प्राण्यांपासून मिळणारी चरबी म्हणजे हृदयाचा शत्रू, हे समीकरण अमेरिकेत पक्कं होत होतं नेमकं तेव्हा मुंबईतल्या एका कचेरीतून त्याला हरकत घेतली गेली. मल्होत्रांचा अभ्यास मांसाबद्दल नव्हता, आणि त्यांनी काढलेले सगळे निष्कर्ष पुढे टिकलेही नाहीत. पण बाहेरून आलेला नियम इथल्या माणसावर तपासल्याशिवाय चिकटवू नये, एवढं त्यांनी नक्की दाखवलं.

मग आलं २०१५.

मार्चमध्ये महाराष्ट्र प्राणिसंरक्षण अधिनियमातली दुरुस्ती लागू झाली. मूळ कायदा १९७६ चा, त्यात गाईच्या कत्तलीला बंदी होती. बैल आणि वळू यांनाही संरक्षण देणारं विधेयक विधिमंडळाने १९९५ सालीच संमत केलं होतं, राष्ट्रपतींची संमती यायला वीस वर्षं लागली. पाच वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये कत्तलबंदी उचलून धरली, मात्र परराज्यात कापलेल्या जनावराचं मांस जवळ बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. म्हशीचं मांस बंदीबाहेर राहिलं. संभाजीनगर शहरातल्या दख्खनी बोलीत मांसाचे दोन भाग पूर्वीपासून आहेत, ‘बडे का’ आणि ‘छोटे का’, आपल्याकडे मोठ्याचं आणि लहानाचं. आता मोठ्याचं म्हणजे कायद्याने म्हैसवर्गाचंच. मटणाचा खलिया ज्यांच्या खिशाला परवडतो त्यांना यातलं काही जाणवलं नाही. ज्यांना परवडत नाही त्यांचं स्वस्त प्रथिन आणखी आक्रसलं, आणि म्हातारे बैल विकून पेरणीचा पैसा उभा करणाऱ्या शेतकऱ्याचंही गणित मोडलं. त्या वर्षीच्या चर्चेत धर्म, शेती, रोजगार, अन्नाचं स्वातंत्र्य असं सगळं होतं. तब्येत फक्त टोमणा मारण्यापुरती यायची.

आणि त्याच वर्षी, २६ ऑक्टोबरला, फ्रान्समधल्या लिऑन शहरातून दुसरा निवाडा आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने दहा देशांतले बावीस तज्ज्ञ बसवले होते, आठशेहून जास्त अभ्यास त्यांनी चाळले. प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवतं हे सिद्ध. लाल मांस ‘२-अ’ गटात, म्हणजे बहुधा घडवतं. लाल मांसात गोमांस, डुकराचं, मेंढीचं आणि बोकडाचंही. आपल्याकडे ‘लाल मांस म्हणजे मोठ्याचं, मटणाला काही नाही’ अशी सोयीची समजूत होती, ती तिथेच संपायला हवी होती. संपली नाही.

आकडे होते ते असे: रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. लाल मांसाचा दोष खरोखरच असेल तर रोज १०० ग्रॅममागे १७ टक्के. वर्तमानपत्रांनी ‘मांस तंबाखूइतकंच घातक’ असे मथळे दिले. ते चूक होतं. पहिला गट म्हणजे पुरावा तंबाखूइतका पक्का, धोका तेवढा मोठा नव्हे. १७ टक्क्यांचा अर्थ घरगुती भाषेत सांगायचा तर, समजा एखाद्या समाजात आयुष्यभरात हजारातल्या दहा जणांना हा रोग होत असेल, तर रोज मांस खाणाऱ्या हजारांत तो जवळजवळ बारा जणांना होईल. हे दोन जण खरे आहेत, त्यांची घरं खरी आहेत. पण तंबाखूचं गणित याच्या कैक पटींनी भयानक आहे, आणि मराठवाड्यात पुडी कुणाच्या खिशात नाही?

या निवाड्यातली एक गोष्ट मला खलियाच्या डेगेजवळ घेऊन येते. मांस थेट आचेवर किंवा तापलेल्या तव्यावर करपलं की काही घातक संयुगं तयार होतात. पाण्यात, रश्श्यात, मंद आचेवर शिजलं तर ती कमी होतात. म्हणजे निखाऱ्यावरची सीख आणि डेगेतला खलिया हे एकाच बोकडाचे असले तरी आतड्याच्या लेखी सारखे नाहीत. आणि चान्या? टिकवण्यासाठी प्रक्रिया केलेलं मांस या व्याख्येत त्या बसतील. पण ज्या माणसांवरून तो निष्कर्ष निघाला ती सॉसेज, हॅम आणि बेकन रोज खाणारी होती. भुकेच्या दिवसांत मडक्यातून एक पट्टी काढणाऱ्याचा अभ्यास लिऑनच्या फायलींत नव्हता.

त्यानंतर शास्त्रज्ञांचंच आपसात जुंपलं. २०१९ मध्ये ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन या मातब्बर नियतकालिकात चौदा जणांच्या एका गटाने जाहीर केलं की पुरावा इतका कच्चा आहे की लोकांना मांस कमी करा असं सांगायचं कारण नाही, खाताय तेवढं खात राहा. हार्वर्डच्या मंडळींनी आकांडतांडव केलं. गटाच्या प्रमुखाच्या एका अनुदानाचा उल्लेख राहिला होता म्हणून नियतकालिकाला दुरुस्ती छापावी लागली. २०२१ मध्ये एकवीस देशांतल्या १,३४,२९७ माणसांच्या ‘प्युअर’ अभ्यासाचा निष्कर्ष आला, त्यात भारतही होता. साध्या लाल मांसाचा हृदयविकाराशी किंवा मृत्यूशी ठळक संबंध दिसला नाही. प्रक्रिया केलेल्या मांसाचा मात्र स्पष्ट दिसला. त्याआधी २०१३ मध्ये बांगलादेश, चीन, जपान, कोरिया आणि तैवान इथल्या जवळजवळ तीन लाख माणसांच्या एकत्रित नोंदींत तर उलटंच निघालं: लाल मांस जास्त खाणारे पुरुष हृदयविकाराने कमी मेले. गरीब आशियात ज्याच्या ताटात मांस आहे त्याच्या घरात पैसाही आहे, हे त्यामागचं एक कारण असणार. आणि २०२४ मध्ये वीस देशांतल्या जवळजवळ वीस लाख लोकांवरून दिसलं की रोज १०० ग्रॅम लाल मांसामागे मधुमेहाचा धोका सुमारे १० टक्क्यांनी चढतो. ज्या देशात २०२३ च्या पाहणीनुसार दहा कोटी मधुमेही आहेत तिथे हा आकडा हसण्यावारी नेता येत नाही.

मग खायचं की नाही? मला विचाराल तर पुरावा एका बाजूला कललेला आहे, पण त्याचं वजन सगळ्या ताटांवर सारखं पडत नाही. रोज खाणाऱ्याने कमी करावं. डब्यातलं, पाकिटातलं, खारवलेलं, धुरावलेलं शक्यतो टाळावंच. आठवड्यातून एकदा रस्सा खाणाऱ्याला घाबरवण्याइतका आधार कुणाकडेही नाही. आणि रक्तक्षय असलेल्या बाईला, महाराष्ट्रात पंधरा ते एकोणपन्नास वयोगटातल्या ५४ टक्के बायकांना तो आहे, त्याच मांसातलं लोह आणि ब-१२ अंगी लागतं. ज्या लोहामुळे आतड्याला धोका असल्याचा संशय आहे, तेच हे लोह.

जागतिक कर्करोग संशोधन निधीची शिफारस आठवड्याला शिजवलेलं ३५० ते ५०० ग्रॅम, त्याहून जास्त नको. आता रविवारी सकाळी पिशवी घेऊन रांगेत उभ्या असलेल्या मराठवाड्यातल्या कुटुंबाचा हिशेब करू. पाच माणसांत एक किलो. हाडं वजा, शिजताना आटलेलं वजा, एकेकाच्या वाट्याला शंभर ग्रॅमच्या आसपास. सोबत ज्वारीची भाकरी, कांदा, लिंबू. सोमवार नाही, गुरुवार नाही, शनिवार नाही, एकादशी-चतुर्थी नाही. पैठण जवळ, त्यामुळे घरात एखादा माळकरी असला तर चुलीवरच नाही. आखाडात जिभेचे लाड, मग श्रावण बंद. वर्षातून एकदा नवसाची कंदुरी, बकरी ईदेला शेजाऱ्याकडून आलेला वाटा. तज्ज्ञांनी ग्रॅममध्ये सांगितलं ते इथे वारांमध्ये सांगितलेलं होतं. हे शहाणपण होतं असं मी म्हणणार नाही. धर्म होता आणि त्याहून जास्त गरिबी होती. शिवाय १९५१ च्या सुमारास भारतात जन्मलेल्या बाळाचं सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षं. साठीनंतर गाठणारा आतड्याचा रोग व्हायला आधी साठी गाठावी लागते. दीर्घकाळात काय होतं हा प्रश्नच मुळात आयुष्य लांबल्यावर सुचलेला आहे.

आता वार सैलावलेत. बीड बायपासलगतच्या ढाब्यांवर आणि हॉटेलांत सोमवारीही मटणथाळी मिळते, मोबाइलवर बोट ठेवलं की सीख-कबाब दारात, आणि मॉलच्या शीतकपाटात सलामी-सॉसेजची पाकिटं, जी या शहराच्या कुठल्याच जुन्या ताटात नव्हती.

जुन्या शहरात लग्नाच्या वलिम्याला अजून डेग चढते. खलिया डावाने मोजून वाढतात, कारण मांस महाग. ‘बोटी दोनच, रस्सा कितीही,’ वाढपी सांगतो. नान कुणी मोजत नाही. पूर्वीचा असेल कणकेचा, आजचा बहुतेक ठिकाणी मैद्याचा, मऊ, गुबगुबीत. तो आणखी एक ताटात पडतो, मग आणखी एक, तरीत बुडतो. जेवण उरकलं की मीठा येतो, त्यावर साखरेचा चहा. आणि घरी परतताना रिक्षात बसलेला, परवाच साखर तपासून आलेला माणूस बायकोला म्हणतो, ‘आता मटण बंदच करावं म्हणतो.’